‘शोध’ कोणी कोणाचा लावला?

संगीताच्या परीक्षणात ‘शोध’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. अमुक समीक्षकाने तमुक गायिकेचा शोध लावला असे छापून आले की वाचकाला वाटते, त्याआधी ती बाई नव्हतीच. हा शब्द मीही वापरलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत भीमगीते आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका वृद्ध बाईंवर मी लेख लिहिला आणि त्यांचा ‘शोध’ लागल्याचे मोठ्या अभिमानाने नोंदवले. अंक हाती आल्यावर तो लेख मी त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “शोध कशाचा रं बाबा? म्या हितंच हुते की.”

या वाक्याची आठवण मला एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेचा इतिहास वाचताना वारंवार झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तिकडच्या काळ्या लेखकांची कविता-कादंबरी आपण आपुलकीने वाचली, तिच्यावर चर्चा केली. त्यांची रेकॉर्ड मात्र आपण फारशी ऐकली नाही, आणि ती रेकॉर्ड कोणी काढली, तिच्यावर नाव कोणाचे घातले, हे तर विचारलेच नाही.

कॉटनबाईंचा जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलिनातला. लहानपणीच त्या दुसऱ्यांच्या घरी कामाला लागल्या. महिन्याला पाऊण डॉलर मिळे. त्यातून साठवून त्यांनी पावणेचार डॉलरची गिटार घेतली. हिशेब करा: पाच महिन्यांची संपूर्ण मजुरी! त्या डावखुऱ्या होत्या आणि शिकवणारे कोणी नव्हते. उजव्या हाताच्या माणसासाठी बांधलेली गिटार त्यांनी तशीच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांखाली आल्या आणि चाल अंगठ्याकडे आली. पुढे या वादनाला ‘कॉटन पिकिंग’ असे नाव मिळाले. नाव गोड आहे, पण नुसत्या कानाने ऐकले तर याच दोन शब्दांचा अर्थ कापूस वेचणे असा होतो, आणि तो कापूस त्या मुलखात कोणी वेचला हे सांगायला नको. नाव ठेवणाऱ्यांना यात गंमतच वाटली असावी.

‘फ्रेट ट्रेन’ हे मालगाडीचे गाणे त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना रचले. मग लग्न झाले, मूल झाले. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी ऐहिक गाणी सोडायला सांगितले. गिटार सुटली ती काही दशके.

१९४०च्या दशकात त्या वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात कामाला होत्या. तिथे एक लहान मुलगी आईपासून चुकली. कॉटनबाईंनी तिला आईच्या हवाली केले. ती मुलगी पेगी सीगर, आई रूथ क्रॉफर्ड सीगर. रूथ स्वतः संगीतरचनाकार, पती चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ. कॉटनबाईंना या घरी स्वयंपाक-घरकामाची नोकरी मिळाली. हे घर लोकसंगीताच्या अभ्यासाचे पीठच होते. रूथबाई ध्वनिमुद्रित लोकगीते पुन:पुन्हा ऐकून त्यांचे स्वरलेखन करीत. १९४८ साली मुलांसाठी लोकगीतांचा त्यांचा संग्रह निघाला. बाहेरच्या खोलीत दूरच्या खेड्यातले गाणे कागदावर उतरत होते आणि स्वयंपाकघरात गाणे रचणारी बाई भांडी घाशीत होती. काही वर्षे कोणाला पत्ता नव्हता. एके दिवशी भिंतीवरची गिटार काढून त्या वाजवीत असल्याचे मुलांनी ऐकले, तेव्हा उलगडा झाला.

आता सांगा, शोध कोणी कोणाचा लावला? हरवली होती पेगी, आणि तिला शोधले कॉटनबाईंनी. परंतु इतिहासात नोंद अशी झाली की सीगर कुटुंबाने एलिझाबेथ कॉटन शोधली.

सीगरांवर राग धरावा असे मला वाटत नाही. मुलगा माइक सीगर याने टेपरेकॉर्डर घेऊन कॉटनबाईंच्या घरी जाऊन त्यांची गाणी मुद्रित केली आणि १९५८ साली फोकवेज कंपनीने ती रेकॉर्ड काढली. मोझेस अ‍ॅश यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ही छोटी, स्वतंत्र कंपनी. १९५२ साली तिने हॅरी स्मिथ यांनी निवडलेल्या ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच काढला होता. १९२०च्या दशकापासून बड्या कंपन्या काळ्यांच्या रेकॉर्डी ‘रेस’ या वेगळ्या यादीत विकीत आणि गोऱ्या खेडुतांच्या वेगळ्या. स्मिथ यांनी टिपणांत गायकाचा वर्ण लिहिलाच नाही. मिसिसिपी जॉन हर्ट हा काळा शेतमजूर गोरा असावा, असे कित्येक श्रोते वर्षानुवर्षे समजत राहिले. पंगत वेगळी मांडली नाही की जेवणाऱ्याला चवीवरून जात ओळखता येत नाही, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको!

खरा घाव वेगळीकडे आहे. पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली आणि ‘फ्रेट ट्रेन’ तिथे गाऊ लागली. तिकडे तेव्हा स्किफलची लाट होती. स्वस्त गिटार आणि कपडे धुण्याची खडबडीत पाटी एवढ्या साहित्यावर पोरे वाद्यवृंद उभे करीत. बीटल्सची मुळे अशाच एका वृंदात आहेत. १९५७ साली चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात हे गाणे ब्रिटनभर गाजले. गीतकार म्हणून नावे लागली ती भलत्याच दोघांची. रचणारी वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरची कामे करीत होती. पुढे कायदेशीर खटपट झाल्यावर तिचे नाव गाण्याला लागले. मला वाटते, या चोरीचे मूळ ‘लोकगीत’ या शब्दाच्या सोयीत आहे. गीत लोकांचे म्हटले की कर्ता नाही, कर्ता नाही की मालक नाही, आणि मग पहिला अर्ज करील तो मालक!

मान मिळाला, पण उशिरा. जाहीर कार्यक्रम १९६० मध्ये सुरू झाले तेव्हा बाईंचे वय सदुसष्ट होते, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्यांनी घरकाम सोडले नाही. १९८५ मध्ये ग्रॅमी मिळाले, १९८७ मध्ये त्या वारल्या. रॉक संगीताच्या मानकऱ्यांत, ‘पूर्वप्रभाव’ या सदराखाली, त्यांचे नाव २०२२ साली घातले गेले.

हे सारे वाचल्यावर मी माझा तो जुना लेख काढून पुन्हा पाहिला. बाईंचे नाव मी दिले होते, वस्तीही दिली होती. लेखात छापलेल्या चार गाण्यांपैकी दोन त्यांनी स्वतः जुळवलेली होती. तसे त्यांनी मला बसल्या बैठकीत सांगितले होते, आणि माझ्या वहीत ते टिपलेले आहे. चारही गाण्यांखाली मी एकच शब्द घातला होता: ‘पारंपरिक’. मी संपादकांना पत्र लिहिले. दुरुस्ती आली, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. ती वाचून दाखवायला गेलो तेव्हा बाई राहिल्या नव्हत्या. त्यांच्या सुनेने अंक ठेवून घेतला आणि विचारले, “उरलेली गाणी मला येत्यात. लिहून घेता का?”