हमी कुणाला होती?

सरकार आणि खासगी भांडवल यांच्या भागीदारीची चर्चा आज अशी चालते, जणू हा नवाच शोध आहे. आपल्या भूमीवर हा व्यवहार १८४९ साली झाला. ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला ९९ वर्षांसाठी जमीन फुकट दिली, शिवाय भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. त्या महसुलाचा सर्वांत मोठा भाग शेतसाऱ्याचा होता आणि ज्याला जमीन नव्हती तोही मिठावरच्या करातून आपला वाटा भरत होता. धोका रयतेचा, व्याज लंडनच्या भागधारकाचे.

रेल्वे झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली. कंपनी सरकार स्वतः एवढे भांडवल आणि तंत्र उभे करते, असे म्हणवत नाही. पण खर्च होईल तेवढ्या भांडवलावर व्याज ठरलेले, मग काटकसर कोण करणार? १८६९ मध्ये लॉरेन्सच्या सरकारलाच नव्या मार्गांसाठी सरकारी बांधणीकडे वळावे लागले.

बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ चालले. पंचवीस बोगदे खणले गेले. १८६१ साली चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. पटकी, सुरुंग, दरडी यांनी हजारो गेले. मजुरी मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, तिथून मुकादमाकडे झिरपत येई. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी युरोपियनांवर हल्ला केला. कंत्राटदार फॅविएल गेला, ट्रेडवेल आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे नेले. या तिघांची नावे इतिहासात आहेत. घाट फोडणाऱ्यांपैकी एकाचेही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. हमी भांडवलाला होती, मजुरीला नव्हती.

तरीही याच रेल्वेने महारांना गावकीबाहेरची वाट दिली. बलुत्याच्या भाकरीऐवजी महिन्याचा पगार! ही मुक्ती लहान नव्हती. १९०० साली सरकारने ही कंपनी विकत घेतली, १९२५ मध्ये कारभारही हाती घेतला. १९४३ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. हा हक्क सरकारी नोकरीतला होता.

जुन्या कराराचा सांगाडा दाभोळला पुन्हा दिसला. १९९३ च्या वीजखरेदी करारात पैसे देण्याची हमी राज्याने घेतली, तिच्यामागे केंद्राने आपली हमी ठेवली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना तो सांभाळण्यासाठी नवी कंपनी काढावी लागली. आज रस्ते, विमानतळ, बंदरे अशाच करारांवर बांधली जातात. कलम १६(४) राज्याच्या सेवांपुरते बोलते. सरकारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या विमानतळावर खासगी चालकाने नेमलेला कारकून, तंत्रज्ञ किंवा सफाई कामगार त्या कलमाच्या बाहेर राहतो.