व्यक्तिनामे : नंदुरबार परिसर
नंदुरबार तालुक्यातील कोरीट हे गाव ज्या पट्ट्यात येते तेथे अहिराणी, गुजर बोली, भिली व मराठी यांचा रोजचा शेजार आहे आणि तो माणसांच्या नावांत उतरला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या पाच जणांची नावेच पाहावीत : शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. संस्कृत वृक्षनाम ‘शिरीष’, गुजराती वळणाचे ‘धनसुख’, वैष्णव धाटणीचे ‘घनश्यामदास’ आणि कोकणातील मुळाचे आडनाव ‘केतकर’ एकाच शहरात भेटतात.

आदिवासी कुटुंबांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. दितवारी म्हणजे रविवारी जन्मला तो दित्या. तसेच सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. मुलींची नावे दिती, सोमी, मंगळी, बुधी. सणाला जन्मलेला होळ्या किंवा दिवाळ्या. यांतला ‘-या’ प्रमाण मराठी कानाला तुच्छतादर्शक वाटतो. ‘राम’चा ‘राम्या’ होतो तसा. हा गैरसमज आहे. भिलीत हा पुरुषनामाचा साधा, सरळ शेवट असून त्यात कमीपणा मुळीच नाही. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक आणि १८८९ मध्ये फाशी गेलेले तंट्या भिल्ल इतिहासात याच रूपाने उभे आहेत. शाळेच्या दाखल्यावर नाव चढवताना ‘-या’ काढून ‘-सिंग’ किंवा ‘-लाल’ जोडले, की वार आणि बोली दोन्ही पुसली जातात. नाव घरी उच्चारले जाते तसेच लिहून घ्यावे, हेच योग्य.

खानदेशी शेतकरी घरांत दगडू, धोंडू, कचरू, भिका, उखर्डू ही नावे आढळतात. आधीची मुले दगावली असली, की नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलत, किंवा त्याच्यासाठी पदर पसरून धान्य मागत. टाकलेल्या, मागून आणलेल्या लेकराकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये, ही आईबापांची धडपड त्यामागे होती. ‘झिपरू’ हे नाव झिपऱ्यांवरून आलेले. नशिराबादचे झिपरू अण्णा महाराज याच नावाचे. आप्पा, नाना, बापू ही हाकेची नावे येथे कागदोपत्रीही असतात.

आडनावांपैकी ‘गावित’चा संबंध गाव या शब्दाशी जोडतात, गुजरातेत त्याचे रूप ‘गामीत’. ‘पावरा’, ‘भिल’ ही जमातीचीच नावे दाखल्यावर आडनावे झाली. सोयरीक जुळवताना मात्र कूळ विचारले जाते, कारण एका कुळात लग्न होत नाही.

कागदोपत्री नाव लिहिण्याचा क्रमही आता बदलला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी दस्तऐवजात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहिले जाते.