शहराचा आकार कसा वाचायचा? रस्ते, प्लॉट आणि इमारती मोजण्याची ओळख

शहराच्या आकाराचा अभ्यास करणाऱ्या शाखेला 'अर्बन मॉर्फॉलॉजी' म्हणतात. शहरात कोण राहतं, काय विकलं जातं हे क्षणभर बाजूला ठेवायचं आणि रस्ते कसे पडलेत, जमिनीचे तुकडे कसे पाडलेत, त्यांवर इमारती कशा उभ्या आहेत एवढंच आधी बघायचं. हे फक्त आर्किटेक्टचं काम वाटतं, पण आज मोफत नकाशे आणि मोफत सॉफ्टवेअर घेऊन घरच्या लॅपटॉपवरही ते करता येतं.

मला हे सर्वसामान्यांनी शिकावंसं वाटतं, त्याला एक कारण आहे. महाराष्ट्रात विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. तिथे 'आम्हाला हे पटत नाही' एवढंच लिहिण्यापेक्षा नकाशा आणि आकडा जोडला, तर मुद्दा झटकून टाकणं अवघड जातं.

तीन थर: रस्ता, प्लॉट, इमारत

भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांनी 1960 मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक या छोट्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गावाचा नकाशा त्यांनी या तीन थरांत सोडवून दाखवला. तिन्ही थर एकाच वेगाने बदलत नाहीत. इमारत सर्वांत लवकर बदलते, प्लॉटच्या हद्दी त्याहून हळू आणि रस्ते सर्वांत सावकाश.

पुण्याच्या पेठांमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. वाडा पडतो, तिथे अपार्टमेंट येतं, पण बोळ तोच राहतो. खरा बदल होतो तो चार-पाच प्लॉट एकत्र करून एकच मोठी इमारत उभी राहते तेव्हा. तोंडाशी पाच दरवाजे आणि पाच दुकानं होती, तिथे एक गेट आणि लांबलचक कंपाउंड वॉल उरते. एकदा एकत्र झालेले प्लॉट पुन्हा वेगळे होणं जवळपास अशक्यच.

काळा-पांढरा नकाशा

सर्वांत सोपं साधन म्हणजे इमारती काळ्या आणि मोकळी जागा पांढरी रंगवणं. जाँबातिस्ता नोल्ली यांच्या 1748 च्या रोमच्या नकाशात चर्चच्या आतली जागासुद्धा पांढरी ठेवली आहे, कारण तिथे लोकांना जाता येत होतं. हाच नियम लावला तर पुण्यात तुळशीबागेतल्या राममंदिराचं आवार पांढरं येईल. उलट, गेटबंद सोसायटीतला रुंद रस्ता मोकळा दिसला तरी तो पांढरा धरता येणार नाही.

काय काय मोजायचं?

*वळसा.* दोन ठिकाणांमधलं चालण्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. समजा, शाळा सरळ रेषेत 300 मीटरवर आहे, पण कंपाउंड वॉलला वळसा घालून 900 मीटर चालावं लागतं. म्हणजे गुणोत्तर 3 आलं. मूल शाळेत चालत जाणार की रिक्षाने, हे अशा आकड्यावर बरंचसं ठरतं.

*चौक आणि बंद गल्ल्या.* एका चौरस किलोमीटरमध्ये किती चौक आहेत आणि किती रस्ते पुढे जाऊन बंद होतात ते मोजायचं. बंद टोकं जास्त असली की सगळी वाहतूक एक-दोन मोठ्या रस्त्यांवर येऊन कोंबते.

*दिशा.* प्रत्येक रस्ता कोणत्या दिशेला जातो ते बघून 10 अंशांचे 36 गट करायचे आणि त्यांची एंट्रॉपी काढायची. चारच दिशांचा नेमका चौकटी आराखडा असेल तर उत्तर सुमारे 1.39 येतं, सगळ्या दिशा सारख्याच असतील तर सुमारे 3.58. जेफ बोइंग यांनी 2019 मध्ये जगातल्या 100 शहरांची अशी तुलना केली, त्यात शिकागो सर्वांत चौकटीबद्ध निघालं. मात्र आकडा मोठा आला म्हणजे शहर वाईट, असं नाही. वाकड्या गल्ल्याही एकमेकींना छान जोडलेल्या असू शकतात.

*खोली.* बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन यांच्या 1984 च्या पुस्तकातून 'स्पेस सिंटॅक्स' ही पद्धत पुढे आली. इथे मीटरपेक्षा वळणं महत्त्वाची. एखाद्या रस्त्यावर पोचायला बाकीच्या रस्त्यांवरून सरासरी किती वळणं लागतात? कमी वळणांच्या रस्त्यावर वर्दळ आणि दुकानं असण्याची शक्यता जास्त. पुण्याचा लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम जाताना बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता या दोन्ही उत्तर-दक्षिण रस्त्यांना छेदतो. त्यावर बाजार का टिकतो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

*दाटी.* एफएसआय 1 म्हणजे नेमकी एकच आकृती नव्हे. पूर्ण प्लॉटवर एक मजला, अर्ध्यावर दोन किंवा पाव भागावर चार, तिन्हींचा एफएसआय 1 च. म्हणून एफएसआयसोबत किती टक्के जमीन झाकली आहे तेही बघायचं.

घरी करून बघायचं असेल तर

1. क्यूजीआयएस इन्स्टॉल करा आणि आपल्या भागाचे रस्ते व इमारती ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या.
2. पायथन थोडंफार येत असेल तर बोइंग यांचीच 'ओएसएमएनएक्स' ही लायब्ररी वापरा. रस्त्यांचं जाळं आणि वरचे बरेच आकडे काही ओळींत मिळतात.
3. स्पेस सिंटॅक्ससाठी 'डेप्थमॅपएक्स' हे मोफत सॉफ्टवेअर आहे.
4. अभ्यासाच्या हद्दीबाहेरचा एखाद-दोन किलोमीटरचा पट्टाही घ्या. नाहीतर कडेचे रस्ते उगाचच तुटक दिसतात.

आकड्यांवर कितपत विसंबायचं?

ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवक भरतात. त्यामुळे वस्त्यांमधले पायरस्ते आणि वाड्यांमधले बोळ बरेचदा नकाशात नसतात. अशा वेळी भरपूर जोडलेली वस्तीसुद्धा कॉम्प्युटरला तुटलेली दिसते आणि 'इथून रस्ता काढायलाच हवा' असा निष्कर्ष निघू शकतो. तो रस्ता मग कोणाच्या तरी घरावरून जातो. उलट चूकही होते: खासगी रस्त्याला तसा टॅग नसेल तर बंद गेटमधूनही वाट असल्याचं गृहीत धरलं जातं.

म्हणून माझा सल्ला असा की विश्लेषणाआधी एक रविवार पायी फिरा आणि सुटलेले बोळ ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः भरा. तुमचा आकडा तर सुधारेलच, शिवाय तुमच्यानंतर हाच नकाशा वापरणाऱ्यालाही ती वाट दिसेल.