शेजारच्या गावचा रुमाल

दिवाळीच्या अंकात मृत्यूची वही उघडून बसणे काही वाचकांना रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. फराळाचे ताट समोर असता या गोष्टी कशाला, असे आमच्या घरातही म्हटले गेले. परंतु जी वही मी पाहिली ती एका दिवाळीच्या दिवसांतलीच आहे. आणि तिच्यातली एक ओळ आमच्या घरी पोचायला एकशे सहा वर्षे लागली.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, हल्ली त्याला दहावी म्हणतात, आणि वर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. मी कागदांकडे वळलो तो एका कादंबरीच्या निमित्ताने. १९१८ सालची मानमोडीची साथ मला तिच्यात आणायची होती. इन्फ्लुएन्झाला आपल्याकडच्या लोकांनी दिलेले हे नाव. अंग मोडून येई, मान धरवत नसे, आणि तीन-चार दिवसांत माणूस जाई. जूनमध्ये मुंबईत उतरलेला हा ताप पावसाळ्याअखेर दुसऱ्यांदा उसळला तेव्हा आगगाडीच्या रुळांवरून देशावर पसरला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९२१ची शिरगणती झाली तेव्हा देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. असे दुसऱ्या कोणत्याही शिरगणतीत झालेले नाही. बायका पुरुषांपेक्षा अधिक मेल्या, त्यातही ऐन उमेदीच्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे कोणी, याचे उत्तर त्या आकड्यांत आहे.

हे झाले पुस्तकातले. मला माझ्या तालुक्यातले हवे होते.

ते कोठे असते, हे आधी सांगितले पाहिजे. गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसाची नोंद ज्या वहीत होई तिला जुन्या कागदांत नमुना नंबर १४ म्हणत. लोकांच्या तोंडी ती कोतवाल बुक. कोतवालाने वर्दी द्यायची, कुलकर्ण्याने लिहायची, आणि गोषवारा तालुक्याला पाठवायचा. त्या वह्या वर्षे उलटली की तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जमा होत. गावोगावची दप्तरे तिथे तांबड्या, मळकट फडक्यांत बांधलेली असतात. या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पेशवे दप्तराचेही रुमालच. १८१८ साली ते इंग्रजांच्या हाती गेले. १८९१ साली पुण्यात त्याच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली, पण खाजगी अभ्यासकाला आत शिरणे फार काळ सोपे नव्हते. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून निघाले ते १९३० नंतर. तोवर राजवाड्यांसारखे लोक सरकारी दार सोडून वाड्यांच्या माळ्यांवर चढले, पायपीट केली, वाण्याच्या दुकानी रद्दीत चाललेली पत्रे सोडवून आणली. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालचा. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि मला एक म्हणावेसे वाटते. आमच्या इतिहासात तहाच्या कागदाला मखर मिळाले आणि कोतवाल बुकाला कसर लागली.

खेड्यातल्या माणसाचे आणि कागदाचे नाते प्रेमाचे कधीच नव्हते. दप्तर कुलकर्ण्याच्या घरी. मोडी वाचता येणारा गावात बहुधा तोच. त्याने 'आहे' म्हटले तर आहे, 'नाही' म्हटले तर नाही. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतांची मोजणी करून तीस वर्षांचा सारा बांधला, तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला नंबर आला. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि मागोमाग फेरफार आला. पण नंबर आपल्या नावावर आहे की नाही, हे शेतकरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या, त्यात त्यांचा सारा रोख होता तो खतांवर. कागद हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. ज्याला वाचता येत नाही आणि मागताही येत नाही, अशा माणसाजवळ कागदाविरुद्ध दुसरा उपाय कोणता होता? पुढे १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने गेली, तलाठी आले, दप्तरे सरकारजमा झाली. काही तशीच वाड्यांत राहिली, ती पानशेतच्या पुरासारख्या मोठ्या आपत्तीने नव्हे, तर साध्या गळक्या कौलांनी खाल्ली.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे आजोबा, आबा, १९१६चे. ते दोन वर्षांचे असता त्यांची आई त्यांना टाकून निघून गेली, असे आमच्या घरी सांगत. रुसून माहेरी गेली ती परतलीच नाही. पुढे दुसरे घर केले म्हणे. तिचे नाव कोणी घेत नसे, आणि पुढे ते ठाऊक असणारेही उरले नाही. माहेर मात्र सर्वांना माहीत होते. ते गाव पाच कोसांवर. आबा त्या गावच्या पाण्याला कधी शिवले नाहीत. एस.टी. तिथे दहा मिनिटे थांबे. सगळे उतरत, आबा खिडकीशी बसून राहत. भाद्रपदात अविधवा नवमीला आळीतल्या घरांत सवाष्णी जेवत. आमच्याकडे त्या दिवशी रोजचाच स्वयंपाक. १९९४ साली आबा गेले.

कादंबरीसाठी म्हणून मी आमच्या गावचे १९१८चे बुक मागितले ते फारशी खळखळ न होता पाहायला मिळाले. तो काळही अनुकूल होता. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि रेकॉर्ड रूमना अचानक भाग्य आले. ज्या दारांना कुलपाचा गंज लागला होता तिथे रांगा लागल्या, कारण जातीचा रकाना याच वह्यांत होता. मोडी वाचणाराला लोक चहा पाजू लागले. मी मोडी शिकलो होतो ती अशीच, हौसेने. चित्रकलेच्या माणसाला ती लिपी जड जात नाही. आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरे तिला टांगत जायची. ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाही. मी शब्द वाचण्याआधी हाताचा वेग वाचतो, आणि तेवढ्याने पुष्कळदा काम होते.

आमच्या गावच्या बुकात ती नव्हती. म्हणजे ती तिथे मेली नाही, एवढेच ठरले. पण पाने उलटताना मनात आले, की बाई गेली ते साल आणि मानमोडीचे साल एकच. मग माहेरच्या गावचे बुक का पाहू नये? दोन्ही गावे एकाच तालुक्यातली, दोन्ही रुमाल एकाच फळीवर, मध्ये हातभर अंतर.

कारकुनाने चष्मा वर केला.

"गुरुजी, तुमचं गाव हे. त्या गावचं बुक कशाला?"

"तिथे आमचे एक माणूस वारले असावे, भाऊसाहेब."

"असावे? नाव काय?"

"नाव ठाऊक नाही."

"मग शोधायचं काय? आणि नात्याचा पुरावा?"

पुरावा असला तर त्या वहीतच होता. नाते सिद्ध झाल्याशिवाय वही मिळणार नव्हती, आणि वही मिळाल्याशिवाय नाते सिद्ध होणार नव्हते. कारकून वाईट माणूस नव्हता. शंभर जणांनी त्याला त्या वर्षी छळले होते, आणि फाटलेल्या पानाचा जाब त्यालाच द्यावा लागणार होता.

इथे कायद्याचे दोन शब्द सांगतो. वाचकांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडतील. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात ७६वे कलम होते. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे त्याने फी भरून नक्कल मागितली तर ती दिलीच पाहिजे, असे ते सांगे. २०२४च्या जुलैपासून नवा कायदा आला, त्यातही ती तरतूद आहे. पण 'ज्याला हक्क आहे' या शब्दांपाशी सामान्य माणूस अडत असे. आपल्या राज्याने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ साली सबंध देशाचा झाला. त्याच्या सहाव्या कलमात एक छोटेसे वाक्य आहे, की अर्जदाराने माहिती कशासाठी हवी याचे कारण देण्याची गरज नाही. सुप्याच्या कुणब्याला हे वाक्य कोणी वाचून दाखवायला हवे होते.

मी जोडपत्र 'अ' भरले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तिसाव्या दिवशी उत्तर आले : अभिलेख जीर्ण असल्याने हाताळता येत नाही. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील. सुनावणीला मी शाळेची अर्धी रजा टाकून गेलो. अधिकारी तरुण होत्या. त्यांनी विचारले, "वही जीर्ण आहे हे वही उघडून लिहिलंय, की न उघडता?" कारकून काही बोलला नाही. पाहणीची परवानगी झाली. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. मला तेवढाही लागला नाही.

त्या वहीत भाद्रपदापर्यंत कुलकर्ण्याचे अक्षर टपोरे, मोत्यासारखे आहे. एका पानात दोन-दोन महिने मावलेले. कोणी सर्पदंशाने, कोणी म्हातारपणाने. ऑक्टोबर लागतो आणि अक्षर धावू लागते. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मग तेही न लिहिता नुसती खालवर रेघ. एका आठवड्याला एक पान पुरत नाही. मध्येच काही दिवस कोरे आहेत, आणि त्यानंतरचे अक्षर दुसऱ्याच हाताचे आहे, शाळकरी, शाई पातळ. टपोऱ्या अक्षराच्या माणसाचे काय झाले ते पुढच्याच ओळीत त्या शाळकरी अक्षराने लिहिले आहे. आडनाव तेच होते. मुलगा असावा.

त्याच्या खाली चौथ्या ओळीत एक म्हातारा, आणि दोन दिवसांनी ती. नाव मी इथे छापत नाही. ते आता घरचे आहे. नावापुढे 'कोम' आणि माझ्या पणजोबांचे नाव, राहणार मौजे आमचे गाव. जुन्या कागदांत मुलाला 'बिन' आणि बायकोला 'कोम' लिहीत. वय २०. ताप. वर्दी देणारा भाऊ. त्याच्या 'बिन'पुढे त्याच म्हाताऱ्याचे नाव. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. त्या वर्षीची दिवाळी त्याच आठवड्यातली.

बाप आजारी पडला म्हणून ती गेली होती. तान्ह्याला ठेवून गेली, ते बरे केले. नेले असते तर मी हे लिहायला नसतो. पाच कोसांवरची बातमी आमच्या घरी आली नसेल, हे मला पटत नाही. कादंबरीकाराच्या बुद्धीने मी असे धरतो, की पणजोबांनी जायला मोडता घातला असेल, ती तरीही निघाली असेल, आणि साथीच्या भयाने मग तिच्या मातीलाही इकडून कोणी गेले नसेल. 'आम्ही गेलो नाही' यापेक्षा 'ती आली नाही' हे पोराला सांगायला सोपे. मग ते आठ-दहा वर्षे सांगितले, की सांगणारालाही खरे वाटू लागते. पणजोबांचा मला राग आला, आणि अजून पुरता गेलेला नाही.

दोन पानांच्या नकलेचे चार रुपये भरून मी घरी आलो. वडील आता सत्त्याहत्तरीत आहेत. त्यांना मोडी येत नाही. मी अक्षराखाली बोट धरून एकेक अक्षर सांगत गेलो, आणि त्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारले, एकदाच. मग चष्मा पुसत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आबांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, तेवढंच." आणि आत निघून गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारले,

"त्या गावाला जायला गाडी किती वाजता?"

"सकाळी सव्वाआठला."

त्या कुटुंबाचे आता गावात कोणी नाही, हे मी आधीच चौकशी करून ठेवले होते. वडिलांना तसे सांगितलेही. तरी ते निघाले. पांढरे धोतर नेसले, जे ते लग्नकार्यालाच नेसतात. गाडी थांबली तेव्हा मी हात द्यायला वळलो, पण ते माझ्या आधी उतरले होते. स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरून त्यांनी पोऱ्याला हाक मारली. "दोन चहा," मी म्हणालो.

"चहा मागून," वडील म्हणाले. "आधी पाणी आण, बाळा."