सी महमूद आणि लल्ला झैनब

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अरब मुलखात येणाऱ्या युरोपियन प्रवाशांची संख्या थोडीथोडकी नव्हती. त्यांपैकी बहुतेकांची नजर उंट, खजुरीची बने आणि जनानखाना यांच्यापुढे गेली नाही. इझाबेल एबरहार्ट ही तरुणी मात्र वाळवंटात आली ती तिथलीच होऊन राहिली.

१८७७ साली जिनिव्हात एका रशियन मातेच्या पोटी तिचा जन्म झाला. अरबीचे धडे तिला घरीच मिळाले. १८९७ मध्ये मायलेकी अल्जीरियातील बोन (आजचे अन्नाबा) शहरी आल्या. दोघींनी इस्लामचा स्वीकार केला. त्याच वर्षी आईचे निधन झाले व मुस्लिम कब्रस्तानात तिचे दफन झाले. त्यानंतर इझाबेलने पुरुषी बुरनूस चढवला, 'सी महमूद' हे नाव घेतले आणि घोड्यावर बसून ती एकटीच सहाराकडे निघाली. अल-वाद या मरुद्यानी ती राहिली. फ्रेंच फौजेतील स्लिमान एहनी या मुस्लिम शिपायाशी तिचे प्रेम जुळले आणि कादिरी तरीक्यात तिने बैअत घेतली. गौस-ए-आझमांची ग्यारहवी करणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हा सिलसिला परका नाही.

जानेवारी १९०१ मध्ये बेहिमा गावी एका माणसाने तिच्यावर तलवारीचा वार केला. डोक्यावरच्या तारेत पाते अडकल्याने तिचा जीव वाचला. हात मात्र जबर जखमी झाला. कॉन्स्टँटिनच्या न्यायालयात हल्लेखोराला जन्मठेप झाली, तेव्हा तिनेच त्याच्यासाठी दयेची याचना केली आणि शिक्षा दहा वर्षांवर आली. सरकारने तिला हद्दपार केले. पुढे मार्सेलिसला स्लिमानशी विवाह होऊन फ्रेंच नागरिकत्व मिळाल्यावरच तिला परतता आले.

१९०२ मध्ये ती बू-सादाजवळच्या अल-हामिल येथील खानकाहत गेली. तिथल्या गादीवर एक स्त्री होती: लल्ला झैनब. रहमानी सिलसिल्याचे शेख असलेले तिचे वडील १८९७ मध्ये वारले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांना तिचा चुलतभाऊ गादीवर हवा होता. झैनबने त्याला जुमानले नाही. तिने वकील दिला, तक्रारअर्ज केले आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. मुरीद, तालिब, विधवा, निराधार या सर्वांचा कारभार ती पाहत असे.

या भेटीचे महत्त्व मला फार वाटते. एकटीने हिंडण्यासाठी युरोपातून आलेल्या स्त्रीला पुरुषाचा वेष व नाव घ्यावे लागले. तिच्यासमोर बसलेली मुस्लिम स्त्री मात्र स्वतःच्या नावानेच हजारोंची रहनुमा होती.

इझाबेलला दोषमुक्त ठरवण्याचे कारण नाही. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या जुलमावर तिने लिहिले. पण मोरोक्कोच्या सीमेवर सत्ता पसरवणाऱ्या जनरल लियोतेशी तिचा स्नेहही होता. ज्या लोकांवर तिने प्रेम केले, त्यांच्याच गुलामीची तयारी तिच्या मित्राच्या छावणीत चालली होती. इतिहासाने ही गोष्ट झाकू नये.

२१ ऑक्टोबर १९०४ रोजी ऐन सेफ्रा येथे कोरड्या नदीला अचानक पूर आला आणि त्यात अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी इझाबेलचा अंत झाला. तिथल्याच मुस्लिम कब्रस्तानात तिची कबर आहे. लियोतेच्या सैनिकांनी चिखल उपसून तिची हस्तलिखिते शोधली. ती १९०६ मध्ये छापली गेली, पण संपादक बारुकाँ यांनी त्यांत स्वतःची भर घातली. लल्ला झैनबही १९०४ सालीच अल्लाला प्यारी झाली.

आज इझाबेलवर अनेक भाषांत चरित्रे आहेत. झैनबचे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकले आहे? मुस्लिम स्त्रीच्या हक्काचा विषय निघाला की हे पश्चिमेचे खूळ, असे म्हणून आपल्याकडे तो झटकला जातो. अल-हामिलची गादी कोणा पाश्चात्त्याने झैनबला दिली नव्हती. त्यांचा विरोध मोडून तिने ती राखली, आणि मुरिदांनी तिच्यामागे उभे राहण्यात कमीपणा मानला नाही. आपल्या मुलींना हा इतिहास सांगायला हवा.