परसातली तंबाखू

तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात. ते राखेत किंवा वाळूत मिसळून वाफ्यात फेकतात. चिमूटभर बियांतून शेत उभे राहावे, अशा वस्तूवर पहारा कोणी आणि कसा ठेवायचा? सतराव्या शतकात इंग्लंडच्या सरकारने तो ठेवून पाहिला.

ग्लॉस्टरशर परगण्यात विंचकंब नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १६१९ मध्ये जॉन स्ट्रॅटफर्ड या व्यापाऱ्याने जमिनी खंडाने घेऊन तंबाखू लावली. त्याच वर्षाच्या अखेरीस बंदीचा हुकूम निघाला. राजा पहिला जेम्स हा तंबाखूचा हाडवैरी. १६०४ मध्ये त्याने तिच्या निंदेची पुस्तिकाच काढली होती. पण या बंदीत द्वेषापेक्षा जकातीचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. व्हर्जिनियाचा माल बंदरात मोजता येई आणि व्हर्जिनिया कंपनीने जादा जकात कबूल केली होती. परसातली पाने कोण मोजणार?

लोकांनी लागवड सोडली नाही. रोपे लावा, शेंडे खुडा, बगलेतले फुटवे काढा, पाने वाळवा. या पिकाला हात फार लागतात आणि त्यावर गोरगरिबांची चूल पेटे. पुढे १६४९ मध्ये राजाचे मुंडके उडाले, प्रजासत्ताक आले. त्यानेही १६५२ मध्ये बंदीच घातली! ओरड झाली तेव्हा पुढच्या वर्षीचे पीक कर घेऊन सोडावे लागले. १६५८ मध्ये चेल्टनहॅमला पीक तुडवायला आलेल्या स्वारांपुढे हत्यारबंद जमाव उभा ठाकला आणि स्वारांना मागे फिरावे लागले.

१६६० च्या कायद्यात मात्र एक मजेदार फट आहे. औषधासाठी म्हणून खासगी बागेत अर्धा चौरस पोल, म्हणजे सुमारे १३६ चौरस फूट, एखाद्या खोलीएवढ्या जागेत तंबाखू लावण्यास मुभा होती. त्याहून अधिक लावल्यास दर पोलला चाळीस शिलिंग दंड. १६६३ मध्ये त्यात दहा पौंडांची भर पडली. तरीही सप्टेंबर १६६७ मध्ये सॅम्युएल पीप्स आपल्या रोजनिशीत नोंदवतो की विंचकंबचे पीक उधळायला घोडदळ निघाले आहे, आणि पूर्वी कितीदा उधळले तरी तिथले लोक लावतच राहिले आहेत.

पुढे व्हर्जिनियाचा माल स्वस्त होत गेला. शतक सरता सरता ग्लॉस्टरशरच्या शेतकऱ्याला तंबाखूचा वाफा परवडेनासा झाला, आणि स्वार पाठवण्याची गरजही उरली नाही.