पिकविकमधला झोपाळू पोरगा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड

हातात तीन एक्के आणि दोन बादशहा. पोकरमध्ये असा हात क्वचितच येतो. तो हातात धरूनच ५१ वर्षांचे एक व्यावसायिक गृहस्थ झोपी गेले आणि डाव गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते बोस्टनच्या रुग्णालयात दाखल झाले. वजन १२० किलोच्या आसपास, ओठांवर निळसर झाक, पायांना सूज, आणि जागेपणीही रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड. सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ, लालबुंद पोरगा आहे; तो दार ठोठावता ठोठावताही झोपी जातो. झोपाळू स्थूल माणसांची या ज्योशी तुलना त्याआधी विल्यम ऑस्लर यांनीही केली होती.

नाव चटकन रुळले, पण मला ते कधीच रुचले नाही. विनोदी पात्राचे नाव चिकटले की आजारी माणूसही विनोदाचा विषय होतो. डुलक्या घेणाऱ्या लठ्ठ माणसाला आपण आजही आळशी म्हणून मोकळे होतो. त्याचा श्वास कोणी मोजत नाही.

बर्वेल यांचे स्पष्टीकरण सरळ होते. छातीवर चरबीचा भार, म्हणून श्वास उथळ, म्हणून रक्तात कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचीच गुंगी. रुग्णाचा आहार कमी केल्यावर वजन उतरले आणि प्रकृतीही सुधारली, त्यामुळे तर्क पक्का वाटला. पण एक प्रश्न उरलाच. तितक्याच वजनाच्या बहुसंख्य माणसांच्या रक्तातील हे प्रमाण अगदी नेहमीसारखे असते. भार सारखाच, मग श्वास मोजक्यांचाच का खालावतो?

उत्तराचा पहिला धागा सापडला तो रात्री. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या. झोपेत घसा मिटत होता, श्वास वारंवार थांबत होता आणि मेंदू पुनःपुन्हा दचकून जागा होत होता. दिवसाची गुंगी ही बरीचशी रात्रीच्या मोडलेल्या झोपेची होती. आज या विकाराच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांत हा निद्राश्वासरोध आढळतो.

पण निद्राश्वासरोध असलेल्या सगळ्यांना हा विकार जडत नाही. खरी मेख इथे आहे. श्वास थांबला की कार्बन डायऑक्साइड चढतो. निरोगी नियंत्रण असलेला माणूस पुढच्या काही खोल श्वासांत तो बाहेर टाकतो. ज्याला ते साधत नाही त्याच्या रक्तातील आम्लता सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. आम्लता सावरली की मेंदूच्या श्वसनकेंद्राला मिळणारा इशाराही मंदावतो. शरीराने केलेली डागडुजीच अशी शरीरावर उलटते, आणि रात्रीची तूट दिवसात उतरते.

दुसरा धागा उंदरांकडून आला. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये लेप्टिनचे जनुक शोधले. चरबीतून स्रवणारे हे संप्रेरक भूक आवरते आणि श्वसनालाही चालना देते. लेप्टिन नसलेले उंदीर लठ्ठ होतात आणि त्यांचा श्वासही मंद असतो. लेप्टिन दिल्यावर तो सुधारतो. माणसांत चित्र उलटे दिसते: या रुग्णांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देत नाही, असा कयास आहे. तो पुरता सिद्ध झाला असे म्हणवत नाही.

उपचाराला १९८१ मध्ये वळण लागले. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवला. तोवर गंभीर रुग्णाच्या श्वासनलिकेला छिद्र पाडण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांच्या झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७.५ टक्के जणांना लक्षणांसह निद्राश्वासरोध होता. शिवाय या विकाराच्या व्याख्येत बॉडी मास इंडेक्स ३० हवा असतो, तर भारतीय तज्ज्ञ लठ्ठपणाची रेषा २५ वरच आखतात.

असा रुग्ण धाप घेऊन येतो तेव्हा त्यावर दम्याचा शिक्का सहज बसतो. नुसता ऑक्सिजन लावला की बोटावरच्या यंत्रातला आकडा सुधारतो, पण काही जणांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळेच आणखी चढतो आणि ग्लानी वाढते. संशयाची पहिली खूण मात्र साध्या रक्तचाचणीत मिळते: घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या लठ्ठ माणसाचे बायकार्बोनेट लिटरमागे २७ मिलिमोल किंवा अधिक निघाले, तर धमनीतील रक्त तपासायला हवे.